न झालेल्या लढाईचं चित्रीकरण

मालिकेचा सेट रबाळ्याच्या औद्योगिक वसाहतीत होता, बंद पडलेल्या एका कारखान्याच्या शेडमध्ये. पूर्वी तिथे पंपांचे सुटे भाग बनत. आता आत प्लायवूडची तटबंदी, थर्माकोलचे बुरूज, दोन मोठे तंबू आणि एक दरबार उभा होता. शेजारच्या कारखान्यातला कॉम्प्रेसर सुरू झाला की साउंडवाला हात वर करायचा आणि अठराव्या शतकातले सगळे सरदार मोबाइल काढून बसायचे. मी वाशीहून रिक्षाने जायचे. माझं काम संवाद लिहिण्याचं. पण रोज प्रसारित होणाऱ्या मालिकेत संवादलेखिका सेटवर असलेली बरी, कारण कुठलं वाक्य कुणाच्या जिभेवर बसत नाही हे तिथेच कळतं.

मालिका एका मराठा सरदारावर होती. त्याचं नाव मी इथे देत नाही, मालिकेचंही देत नाही. शाळेच्या पुस्तकात तो आला तर दीड ओळीत येतो. त्याच्या मुलखावर एक मोठी फौज चालून आली, तिच्याकडे जड तोफा होत्या, आणि हा माणूस तिच्याशी अख्खा हंगाम झुंजला, एवढंच मला काम घेताना सांगितलं होतं. ‘झुंजला’ या शब्दावरच चॅनलने मालिका घेतली असावी. शेवटच्या आठवड्यात महायुद्ध, हे पहिल्या मीटिंगमध्ये ठरलं होतं. प्रोमोमध्ये तर ते सुरुवातीपासून होतं. धूळ, घोड्यांचे पाय, आणि नायकाच्या तोंडी मी लिहिलेलं वाक्य, “आता मैदानातच भेटू.”

इतिहासाचे सल्लागार म्हणून एक निवृत्त प्राध्यापक होते. मूळचे रत्नागिरीकडचे, राहायला ऐरोलीला. सेटवर सगळे त्यांना सर म्हणत. त्यांचं काम म्हणजे शिध्याच्या टोपलीतून त्या काळी इकडे नसलेले बटाटे काढायला लावणं, कुणाच्या मनगटावर घड्याळ राहिलंय का ते बघणं, पागोटी तपासणं. आवाज न चढवता सगळं सांगायचे आणि सांगून झालं की प्लास्टिकच्या खुर्चीत जाऊन वर्तमानपत्र वाचायचे.

शेवटच्या महिन्याची कथा लिहायची वेळ आली तेव्हा मी त्यांच्या घरी गेले.

“सर, आता लढाईचा तपशील हवा. कुठे झाली, उजव्या बगलेला कोण होतं, सुरुवात कुणी केली.”

“लढाई झाली नाही,” सर म्हणाले.

“म्हणजे छोटी झाली?”

“झालीच नाही. चकमकी झाल्या. ह्याने त्यांची रसद लुटली, वैरण जाळली, मागे रेंगाळलेल्या तुकड्या कापल्या. पण दोन्ही फौजा समोरासमोर उभ्या राहिल्या असं एकदाही झालं नाही. शेवटी तो दुसरा थकला. तह झाला आणि तो परत गेला.”

“हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?”

“पहिल्याच मीटिंगमध्ये सांगितलं होतं. तुमच्या चॅनलच्या बाई म्हणाल्या, ते नंतर बघू.”

खरंच तसं झालं होतं. मलाही आठवत होतं. तेव्हा मला वाटलं होतं की सर कुठल्या तरी तारखेच्या वादाबद्दल बोलताहेत.

सरांच्या पत्नीने पोहे आणून ठेवले. ते खाताखाता सरांनी मला सगळी मोहीम सांगितली. समोरच्या सेनापतीलाही लढाई हवीच होती, पण त्याच्या जागेवर. सपाट माळ, मागे नदी, पुढे तोफांची रांग, अशा ठिकाणी आपला सरदार आला असता तर अर्ध्या दिवसात संपला असता. म्हणून हा तिथे जायचा नाही. हा डोंगराच्या कडेने चालायचा आणि खिंडीशी थांबायचा. तिथे तो दुसरा यायचा नाही, कारण तोफा ओढायला बैल लागतात आणि चढावर बैल मरतात. दोघंही एकमेकांना भेकड म्हणत होते. समोरचा येत नाही हे दोघांचंही खरं होतं, पण भेकड कुणीच नव्हतं.

“मग ह्याचं खरं भांडण कुणाशी होतं?” मी विचारलं. लेखकाला तेवढंच हवं असतं, भांडण कुठे आहे.

“घरात,” सर म्हणाले. “त्याच्या स्वतःच्या सरदारांशी. त्यांना लढाई पाहिजे होती. लढाई झाली तर लूट मिळते, नाव होतं, आणि मुख्य म्हणजे प्रकरण संपतं. रोज तळ हलवायचा, रात्री घोड्यावर झोपायचं, आणि गावोगाव लोक विचारणार, तुम्ही लढत का नाही. हे महिनोन्‌महिने सहन करायला लावणं सोपं नाही. माणसं सोडून जायला लागतात.”

मी टिपून घेत होते. डोळ्यांपुढे तंबूतला प्रसंग दिसायलाही लागला होता. तेवढ्यात सर म्हणाले, “पण त्याला लगेच देव करू नका. मैदानी लढाई एका दिवसात होऊन जाते. टाळलेली लढाई गावांच्या अंगावरून फिरत राहते. दोन फौजा, हजारो जनावरं, एकाच मुलखात पूर्ण हंगाम. शत्रूला वैरण मिळू नये म्हणून ह्याने उभी पिकं जाळली. कुणाची? आपल्याच लोकांची.”

दोन दिवसांनी वाशीला निर्मात्यांच्या ऑफिसात मीटिंग झाली. चॅनलकडून एक तरुण मुलगी यायची, सर ‘चॅनलच्या बाई’ म्हणाले ती, हुशार, घाईत असलेली, आणि आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त दडपणाखाली. दिग्दर्शक साताऱ्याकडचा, गोड बोलून सगळ्यांना सांभाळणारा. मी सरांचं म्हणणं मांडलं. सर शेजारीच बसले होते.

“सर, ऑडियन्स इतके महिने वेट करतोय,” ती म्हणाली. “आता आपण त्यांना सांगायचं का, की हीरो फाइटला आलाच नाही?”

“आला होता,” सर म्हणाले. “समोर उभा राहिला नाही.”

“ते स्क्रीनवर पळाल्यासारखं दिसेल.”

“दिसेल. तेव्हाही दिसलं होतं.”

दिग्दर्शक मधे पडला. “टेन्शन नका घेऊ मॅडम. सर, तुम्हीपण नका घेऊ. आपण शेवटची एक चकमक मोठी करू. पट्टी टाकू खाली, काही प्रसंग काल्पनिक म्हणून. सगळे खूश.”

सर म्हणाले, “मालिका तुमची आहे. माझं नाव तेवढं श्रेयनामावलीतून काढा. ठरलेला महिना मी येईन. बटाटे बघायला कुणीतरी लागेलच.”

ते रागावून बोलले नव्हते, म्हणूनच खोलीत सगळे अवघडले. दिग्दर्शक म्हणाला, नावाचं नंतर बघू.

मी लढाई लिहिली. लिहिताना मजा आली हेही सांगते. इतके महिने नुसत्या पंगती, दरबार आणि सासू-सुनांचे टोमणे लिहिल्यावर तोफा लिहायला मिळाल्या होत्या. नायक पांढऱ्या घोड्यावरून शत्रूच्या हत्तीपर्यंत जातो, असं मी लिहिलं. हत्ती मिळणार नव्हता. तो कॉम्प्युटरवर होणार होता.

नायकाचं काम करणारा नट रंगभूमीवरून आलेला होता. थोराड अंगाचा, मनाने हळवा. सेटवर त्याला सगळे दादा म्हणायचे. या भूमिकेसाठी तो कर्जतच्या बाजूला जाऊन घोड्यावर बसायला शिकला होता, पट्टा फिरवायला शिकला होता. मालिकेत मात्र त्याला बहुतेक वेळ गादीवर बसून बोलायलाच लागलं होतं. लढाई झालीच नव्हती असं कुजबुजीतून त्याच्या कानावर गेलं तेव्हा तो चहाच्या वेळेला सरांच्या खुर्चीपाशी येऊन उभा राहिला. मी तिथेच होते.

“सर, खरं सांगा. घाबरला होता का तो?”

सरांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. “असेल. आपल्याला कळायला मार्ग नाही.”

“म्हणजे मी इतके दिवस एका घाबरट माणसाचं काम करतोय?”

“भीती वाटत असेल असं म्हटलं मी. पळून गेला असता तर समोरच्याचं काम सोपं झालं असतं. तो समोरचा ह्याच्या राजधानीत जाऊन बसला असता. हा पळालाही नाही आणि भिडलाही नाही. रोज दिसेल इतक्या अंतरावर राहिला. तुम्ही कधी असं राहिला आहात का कुणासमोर?”

दादाने चहा संपवला आणि तो मेकअपला गेला. दुसऱ्या दिवशी त्याने मला विचारलं, “ताई, लढाईच्या आधी तंबूतला एखादा सीन आहे का? सगळे सरदार ओरडताहेत आणि हा नुसता जेवतोय, असा?”

“नाही.”

“असता तर चांगला झाला असता.”

“लढाईच्या आधी तो लढायला नाही म्हणाला तर लढाई कशी होणार?”

“तेही आहे,” तो म्हणाला.

शेडचा मालक तिथल्याच जुन्या गावातला होता. त्याच्या वडलांची भातशेती वसाहतीत गेली होती, आणि शेड त्याने पुढे स्वतः घेतलेली होती. दर आठवड्याला तो गाडीतून यायचा, मागे हात बांधून सेट बघायचा आणि मला विचारायचा, “काय मॅडम, लढाई कवा हाय? घरची मान्सा बघाला येनार हायत.” मी त्याला तारीख सांगून ठेवली होती.

शेडच्या मागे मोकळं आवार होतं. खाली काँक्रीट, वर मातीचे डंपर रिकामे करून माळ केला होता. चित्रीकरणाच्या चार दिवस आधी दुपारी तालीम ठेवली. चार घोडे आणले होते, तुर्भ्याहून ज्युनियर आर्टिस्टांची बस आली होती. दादाला घोडा दौडवत आणून वळवायचा होता. दोनदा नीट झालं. तिसऱ्या वेळी वळणावर वरची माती सरकली, घोड्याचे मागचे पाय काँक्रीटवर गेले आणि घोडा कुशीवर पडला. दादा बाजूला फेकला गेला. घोडा लगेच उठला, अंग झाडून उभा राहिला. दादा उठून बसला, पण उजवा हात मांडीवर धरून. चेहरा पांढरा पडला होता. “घोड्याला लागलं का बघा,” एवढंच तो म्हणाला.

वाशीच्या एका हॉस्पिटलात त्याला नेलं. दिग्दर्शक आणि मी बरोबर होतो. मनगट मोडलं होतं. प्लास्टर घालून झालं तरी दिग्दर्शक कॉरिडॉरमध्ये फोनवरच होता. घोडेवाल्याने त्या आवारात पुन्हा घोडे आणायला साफ नकार दिला. तो बरोबरच बोलत होता. दुसरं मैदान शोधायचं तर परवानगी, बस, तंबू, सगळं पुन्हा. आणि आमच्याकडे तयार भाग जेमतेम आठवडाभराचे होते. चॅनलच्या मुलीने विचारलं, डमी वापरून करता येईल का. दिग्दर्शक म्हणाला, डमी घोड्यावर बसेल, पण घोडा कुठून आणू.

फोन ठेवून तो माझ्याजवळ येऊन बसला.

“ताई,” तो म्हणाला, “सरांचं व्हर्जन लिहा.”

मी तशीच ऐरोलीला गेले. सरांनी दार उघडल्याबरोबर विचारलं, “मनगटाचं काय झालं? आणि घोडा?” मी सांगितलं. मग सांगितलं की लढाई रद्द झाली आहे. मला वाटलं होतं त्यांना आनंद होईल. त्यांच्या चेहऱ्यावर तसं काही दिसलं नाही.

“हात मोडला म्हणून खरं दाखवायचं,” ते म्हणाले. “ठीक आहे. पण मग नीट दाखवा. पीक जाळल्याचं दाखवणार असाल तर मी बसतो.”

“चॅनल म्हणेल नायक वाईट दिसतो.”

“तुम्ही लिहा तरी.”

आम्ही बसलो. सरांनी प्रसंग सांगितला नाही, माणूस सांगितला. एका गावचा पाटील, वयस्कर, छावणीत आलेला. त्याची कापणीला आलेली ज्वारी ह्याच्याच घोडेस्वारांनी जाळली आहे. तो रडत नाही, भांडत नाही. त्याला एवढंच विचारायचं आहे की शेजारच्या शिवारातलं पीक कधी जाळणार, कारण तिथे त्याची मुलगी दिली आहे आणि तिला आधी आणून घ्यायची आहे. मी ते जवळजवळ तसंच लिहिलं. सरदाराच्या तोंडी उत्तर घालायला बसले आणि काही सुचेना. शेवटी त्याला काही बोलूच दिलं नाही. त्याचा कारभारी दिवस सांगतो, पाटील मुजरा करून जातो.

चॅनलच्या मुलीचा फोन आला. मी कारणं तयार करून ठेवली होती. ती म्हणाली, “मॅम, तो पाटीलवाला सीन मी दोनदा वाचला. वर पाठवला नाहीये, पाठवला तर थांबवतील. तुम्ही शूट करून टाका.” मग लगेच कामाच्या आवाजात म्हणाली, प्रोमो बदलायला लागेल.

लढाईची जी तारीख ठरली होती त्याच दिवशी आम्ही तंबूतला प्रसंग घेतला. सरदार ओरडताहेत, उद्याच भिडू म्हणताहेत, एकजण पागोटं काढून जमिनीवर ठेवतो आणि निघून जातो. दादाच्या मनात होतं तसं त्याने जेवत राहायचं होतं. पण उजवा हात प्लास्टरमध्ये, वर शाल पांघरलेली. दिग्दर्शक म्हणाला, डाव्याने जेव. सर खुर्चीतून म्हणाले, “डाव्याने नको. अठराव्या शतकातला माणूस आहे, आणि भरल्या तंबूत आहे.” मग ताट नुसतंच समोर ठेवायचं ठरलं. भाकरी, झुणका, कांदा. दादा पूर्ण प्रसंगभर त्या ताटासमोर बसून राहिला. शेवटी तो एकच वाक्य बोलतो, “उद्या तळ हलवायचा आहे.” मी त्याला याहून मोठं वाक्य दिलं होतं. त्याने ते गाळलं. मी हरकत घेतली नाही.

शेडचा मालक बायको, भाऊ, भावजया अशी सगळी मंडळी घेऊन आला होता. ती सगळी दिवसभर तंबूतली माणसं बघत बसली. संध्याकाळी तो सरांजवळ आला.

“मंग जिकला कोन?” त्याने विचारलं.

“तो दुसरा परत गेला. हा इथंच राहिला,” सर म्हणाले.

“मंग हाच जिकला.”

“हो, तसं म्हणता येईल.”

“पन लडला नाय.”

“नाही.”

“आमचा बाप असाच होता,” मालक म्हणाला. “जमिनीच्या टायमाला बाकीची मान्सा मोर्चाला गेली, ह्यो घरीच बसला. सही बी केली नाय, लडला बी नाय. सगल्यात शेवटी दिली त्यानं.” त्याचा फायदा झाला की तोटा, ते त्याने सांगितलं नाही. सरांनीही विचारलं नाही. भावजयांना दादाबरोबर फोटो काढायचे होते, ते काढून मंडळी गेली.

भाग प्रसारित झाले. पुष्कळ लोक चिडले. मालिकेच्या इंटरनेटवरच्या पानावर खाली प्रतिक्रियांत हेच, युद्ध कुठे आहे, फसवलंत. जुना प्रोमो बघून बसलेल्यांचं ते म्हणणं रास्त होतं. काही प्रेक्षकांनी मात्र लिहिलं की रयतेचं पीक जळालं म्हणून सरदाराने अन्न वर्ज्य केलं, तो प्रसंग बघून डोळ्यात पाणी आलं. मी ते सरांना वाचून दाखवलं. सर बराच वेळ हसले. “हे मात्र कुठल्याच कागदात नाही,” ते म्हणाले, “आणि पुढच्या पिढीत हेच सांगतील.” दादाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, मला खूप भूक लागली होती त्या दिवशी.

शेवटच्या आठवड्याचं रेटिंग आधीच्या आठवड्यासारखंच आलं. वर गेलं नाही, खाली गेलं नाही. मालिका ठरलेल्या दिवशी संपली. सरांचं नाव श्रेयनामावलीत राहिलं, कारण ते काढायचं कुणाच्या लक्षातच नव्हतं, आणि आता सरांचीही हरकत नव्हती. प्लायवूडची तटबंदी एका टेम्पोत मावली. शेडमध्ये आता कुरिअरचं गोदाम आहे. दादाचं मनगट बरं झालं, पण थंडीत दुखतं म्हणतो. सध्या तो एका मालिकेत डॉक्टरचं काम करतो. मी पुन्हा घरगुती मालिका लिहिते.

पाटलाबद्दल कुणी काही लिहिलं नव्हतं. महिन्याभराने आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी मला थांबवलं. त्या मूळच्या सोलापूरच्या, एरवी पाण्याच्या वेळेशिवाय माझ्याशी बोलत नाहीत.

“तुमची ती मालिका,” त्या म्हणाल्या. “त्या पाटलाची मुलगी वेळेत आली का हो घरी?”

पाटील आम्हीच घडवला होता, मुलगीही. मी तसं सांगणार होते, पण काकू उत्तराची वाट बघत होत्या. मी म्हटलं, सरांना विचारून सांगते. रात्री जेवण झाल्यावर फोन केला. सर म्हणाले, पीक गेलेल्या काही गावांना पुढच्या वर्षी शेतसारा माफ केल्याची नोंद आहे, बाकीच्यांचं काही सापडत नाही, आणि माणसं कुठे गेली ते तर कुणीच लिहून ठेवत नाही.

पुढे काकू लिफ्टमध्ये भेटल्या तेव्हा मी त्यांना एवढंच सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. “तिचं माहेर जवळच होतं ना,” त्या म्हणाल्या, “आली असेल.” तिसरा मजला आला, त्या पिशवी सावरत उतरल्या.